उस्ताद, जरा बघता का? : नाव एक, इंजिनं चार

प्रश्न : उस्ताद, नमस्कार. मी उदगीरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आयुष्य बजाज चेतकवर काढलं, चारचाकीतलं मला काही कळत नाही. मुलगा अमेरिकेत डॅलसजवळ नोकरीला आहे. त्याला डॉज चार्जर नावाची गाडी घ्यायची आहे. जुनी, चार दारांची. घर ते ऑफिस 35 मैल, म्हणजे रोजचे 70. दिवाळीनंतर घरात बाळ येणार आहे. त्यानं पाठवलेली यादी आणि गाडीचा एक फोटो सोबत जोडला आहे. यादीत एसएक्सटी, जीटी, आर/टी, स्कॅट पॅक, हेलकॅट अशी नावं आणि पुढं हॉर्सपॉवरचे आकडे आहेत. 'बाबा, तुम्ही म्हणाल ती घेतो,' म्हणतो. त्याची आई म्हणते, सगळ्यात स्वस्त असेल ती घे. त्याचा मेहुणा म्हणतो, घ्यायची तर हेलकॅट, नाही तर नादी लागू नको. एकाच गाडीला इतकी नावं कशाला? कुठली घ्यावी? आणि पुढंमागं तो गावाकडं परत आला तर गाडी सोबत आणता येईल का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही आणता येणार. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टीअरिंग उजवीकडं हवं, असा आपल्याकडं नियम आहे. चार्जर डाव्या स्टीअरिंगचीच. ती तिथंच घ्यायची, तिथंच पळवायची आणि तिथंच विकायची.

आता इतकी नावं कशाला ते सांगतो. तुम्हाला कॉन्टेसा आठवत असेल. 1984 साली हिंदुस्थान मोटर्सनं काढली होती. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, बघणाऱ्यानं वाट सोडावी असा थाट. आणि त्या बॉनेटखाली काय, तर ॲम्बेसिडरचं 1.5 लिटरचं इंजिन, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. जालन्यात भोकरदन नाक्याजवळ माझं गॅरेज होतं, तेव्हा मोंढ्यातल्या एका आडत व्यापाऱ्याकडं तशी पांढरी कॉन्टेसा होती. एकदा धुळ्याचं लग्न उरकून आम्ही परत यायलो होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आहेराची भांडी. चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटाला लागलो आणि गाडी दुसऱ्या गिअरमधून वर जाईना. मागून लाल एसटी आली, हॉर्न वाजवला आणि आम्हाला मागं टाकून गेली. शेठजी मागच्या सीटवरून म्हणाले, "उस्ताद, हिला काय झालं?" हिला काही झालं नव्हतं. हिच्यात होतंच तेवढं. पुढं त्याच गाडीत इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आलं आणि घाटात शेठजींची मान ताठ झाली. पत्रा तोच, चारही दारं तीच.

चार्जरचं असंच आहे. 1966 सालची पहिली चार्जर दोन दारांची होती. चार दारांची आली 2006 च्या मॉडेलपासून, आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून ती डिसेंबर 2023 पर्यंत निघत राहिली. पाच मीटर लांब गाडी. तुमच्या चिरंजीवांना सांगा, पार्किंग मोजून घ्यायचं. ती आखली गेली तेव्हा डॉजची मूळ कंपनी क्रायस्लर आणि मर्सिडीज एका मालकाखाली होत्या, म्हणून खालच्या सस्पेन्शनची घडण मर्सिडीजवरून घेतलेली आहे. आहेर चांगला मिळाला म्हणायचा.

मुलाला म्हणावं, 2015 च्या अलीकडचीच बघ. तेव्हापासून सगळ्या इंजिनांना आठ गिअरचा ऑटोमॅटिक आला, आधी हेमी नावाच्या आठ सिलिंडरच्या इंजिनवाल्यांना पाचच होते. अगदी जुन्यातली 2.7 लिटरची व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरची, तर कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. तिच्यात तेलाचा गाळ होतो, डांबरासारखा.

2015 नंतरच्या गाड्यांत नावं पाच असली तरी इंजिनं चार. एसएक्सटी आणि जीटी या दोघींत 3.6 लिटरचं व्ही-सिक्स, 292 ते 300 हॉर्सपॉवर. जीटीला रूपडं जरा जास्त. तिच्यात आणि एसएक्सटीत चारही चाकं ओढणारी गाडी मिळते, पण तो प्रकार मिशिगनच्या बर्फातल्या माणसांसाठी. डॅलसमध्ये त्याचं ओझं कशाला वाहायचं? आर/टीत 5.7 लिटरचं व्ही-एट हेमी, 370 हॉर्सपॉवर. आर/टी म्हणजे रोड आणि ट्रॅक. स्कॅट पॅकला 6.4 लिटरचं हेमी, 485. हेलकॅटला 6.2 लिटरच, पण डोक्यावर सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून हवा दाबून भरणारा पंप; त्यानं 707, नंतरच्या मॉडेलला 717. शिवाय रेडआय नावाची आहे 797 ची, तिचं नाव मेहुण्यासमोर काढू नका.

हेमी या शब्दाचा फार गवगवा आहे, म्हणून थोडं त्यावर. सिलिंडरच्या डोक्यात पेट्रोल जळतं ती जागा बहुतेक जुन्या इंजिनांत चपटी, थाळीसारखी असायची. यांनी ती पालथ्या वाटीसारखी केली, अर्धा गोल, इंग्रजीत हेमिस्फिअर, म्हणून हेमी. वाटीच्या एका उतारावर आत घ्यायचा व्हॉल्व्ह, समोरच्या उतारावर बाहेर टाकायचा. हवा सरळ आत, सरळ बाहेर. आताची वाटी पहिल्याइतकी गोल राहिलेली नाही, पण नाव राहिलं. इतक्या रुंद जागेत एका ठिणगीनं सगळं नीट जळत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. आठ सिलिंडर, सोळा प्लग. जावयाच्या गाडीचे प्लग बदलताना मी मोजत होतो, बाराव्याला कंबर गेली.

हो, जावयाकडं हीच गाडी आहे. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं टेक्सासला सहा महिने जाऊन राहिलो. बायको बाळाकडं, मी गॅरेजच्या दारात. जावई मूळचे अहमदपूरचे. त्यांनी आधी एसएक्सटी घेतली होती, व्ही-सिक्स. शेजाऱ्याची हेमी सकाळी चालू झाली की हे खिडकीत. चौदा महिन्यांत ती विकली, तोटा सोसला आणि मग आर/टी आणली. हे तुमच्या घरी व्हायला नको, म्हणून मी इतकं लांबण लावायलो. व्ही-सिक्स वाईट नाही. 300 हॉर्सपॉवर म्हणजे आपल्या शेठजींच्या सहा कॉन्टेसा झाल्या की! साध्या 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालते, हायवेला गॅलनमागं 30 मैल देते, म्हणजे लिटरला पावणेतेरा किलोमीटर. पावणेदोन-दोन टनाच्या गाडीला आणखी काय पाहिजे? (त्यांचं 87 म्हणजे आपल्या मोजमापानं साधारण 91, आकडा बघून हलकं समजू नका.) पण ज्याला आवाज पाहिजे, त्याला मायलेज सांगून उपयोग नसतो.

आता हेमीचं दुखणं सांगतो, कारण जुनी घ्यायची तर पैसे तिथंच बुडतात. डिसेंबरातल्या एका सकाळी जावई म्हणाले, "मामा, गाडी टिकटिक करायलीय." बॉनेट उघडलं. बारीक, ठेक्यातली टिकटिक, उजव्या अंगाला मागून. मी तीस वर्षांच्या तोऱ्यात सांगून टाकलं, लिफ्टर गेला. जावई बसले डोक्याला हात लावून, कारण या इंजिनात लिफ्टर गेला म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा. लिफ्टर म्हणजे त्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यावरून फिरत वर-खाली होणारी दांडी, तिच्या टोकाला छोटं चाक असतं, चाकात सुईएवढ्या रोलरचं बेअरिंग. या हेमीत आणखी एक गंमत. हायवेला पाय हलका ठेवला की आठातले चार सिलिंडर आपोआप झोपतात, पेट्रोल वाचावं म्हणून. झोपणारे ठरलेले आहेत, 1, 4, 6 आणि 7. त्या चौघांचे लिफ्टर वेगळ्या, नाजूक बनावटीचे असतात. बेअरिंग खराब झालं की चाक फिरायचं थांबतं, घासायला लागतं, आणि कॅमशाफ्टचा उंचवटा खाऊन टाकतं. मग दोन्ही हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, उतरवा, कॅमशाफ्ट ओढा, सगळे लिफ्टर बदला. तिकडच्या मजुरीनं हजारो डॉलर.

जावयांनी दोन रात्री झोप घेतली नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीपलीकडच्या एका मेक्सिकन मिस्त्रीकडं गेलो. इंग्रजी त्याचं तसंच, माझं त्याहून तसंच. त्यानं पाण्याच्या रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं इंजिनाभोवती फिरवत गेला आणि मागच्या कोपऱ्यात थांबला. टॉर्च मारली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ, जिथं हेडला बसतो तिथं शेवटच्या बोल्टचं डोकं तुटलेलं, आणि फटीभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला. तो हसला आणि मला म्हणाला, "कोल्ड, टिक टिक. हॉट, नो टिक." माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी किराणा आणायला जायचो, दुकान येईपर्यंत आवाज बंद व्हायचा. धातू तापून फुगला की फट मिटते. लिफ्टर गेला असता तर आवाज गरम झाल्यावरही राहिला असता, उलट वाढला असता. इतकी साधी गोष्ट, आणि मी कानानं ऐकायच्या आधी तोंडानं बोललो. बोल्ट काढून नवा बसवला, काम दीडशे-दोनशे डॉलरवर भागलं. सहा महिने बायकोनं ती टिकटिक तोंडानं करून दाखवली, ते वेगळं.

म्हणून मुलाला पक्कं सांगा. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आदल्या रात्रीच मालकाला बजावायचं, मी यायच्या आधी चालू करून ठेवू नको. बॉनेटवर हात ठेवून बघायचं, गरम लागलं तर परत फिरायचं. थंड इंजिन चालू करून पाच मिनिटं ऐकायचं, मग वीस मिनिटं चालवून पुन्हा ऐकायचं. थंडीत टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, तर बोल्ट. भाव पाडून घ्यावी. गरम झाल्यावरही टिकटिक, किंवा इंजिन अडखळायला लागलं, तर ती गाडी त्या मालकालाच लाभो. आणि तेलबदलाच्या पावत्या मागायच्या. तोंडी हिशेब नको, कागद.

अशीच आणखी एक पारख. अमेरिकेत पोलिसांकडं चार्जर फार असतात, आणि वापरून झाल्या की लिलावात निघतात. स्वस्त दिसतात, पत्राही चांगला असतो. पण पोलिसाची गाडी म्हणजे रस्त्याकडेला तासन्‌तास उभी, इंजिन चालू, एसी चालू. किलोमीटर कमी, इंजिनाची झीज मात्र ट्रॅक्टरसारखी. नुसतं उभं राहून चालण्यात या लिफ्टरांना तेल कमी पोचतं, असं तिकडचे मिस्त्री सांगतात आणि मला ते पटतं. या गाड्यांत इंजिन किती तास चाललं आणि त्यातले किती तास जागेवर, हे मीटरच्या मेनूत दिसतं. ते न बघता घेणं म्हणजे दात न बघता बैल घेणं.

बिल्ल्यावर विश्वास ठेवायचा नाही. एसएक्सटीला आर/टीचा बिल्ला चिकटवणारे भामटे तिकडंही आहेत. डाव्या बाजूला समोरच्या काचेखाली 17 अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर असतो. त्यातलं आठवं अक्षर इंजिनाचं. जी असेल तर 3.6, टी असेल तर 5.7, जे असेल तर 6.4, आणि तिथं 9 हा आकडा असेल तर हेलकॅटचं 6.2. त्याच नंबरावर अमेरिकेच्या सरकारी रस्ता-सुरक्षा विभागाच्या साइटवर कंपनीनं परत बोलावून करायची कुठली कामं राहिलीत का, ते फुकट बघता येतं. विम्याचा भावसुद्धा हाच नंबर देऊन, गाडी घ्यायच्या आधी विचारायचा.

डॅलसमध्ये एक गोष्ट खास बघावी, ती तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. गारपीट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं जे झालं, ते तिकडं दर वसंतात कुठं ना कुठं होतं. टपावरचे पोचे ठोकून, रंगवून गाडी बाजारात येते. दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. संध्याकाळी दिव्याखाली उभी करून टपावरचं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. रेघ सरळ असेल तर ठीक, पाण्यात पडल्यासारखी थरथरली तर गारा खाल्लेल्या.

आता हिशेब. रोज 70 मैल, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 1540 मैल. गाव-हायवे मिळून व्ही-सिक्स गॅलनला 23 मैल धरा, आर/टी 19, स्कॅट पॅक 18. व्ही-सिक्सला महिन्याला 67 गॅलन लागतील, आर/टीला 81, स्कॅट पॅकला 86, हेलकॅटला शंभराच्या पुढंमागं. साधं पेट्रोल तीन डॉलरनं धरलं तर व्ही-सिक्सचे झाले 200. आर/टीला कंपनी मधल्या 89 च्या पेट्रोलची शिफारस करते, गॅलनमागं 40 सेंट जास्त धरले तर 275. म्हणजे आवाजाची किंमत महिन्याला 75 डॉलर. कमावत्या पोराला हे जड नाही. स्कॅट पॅकला वरचं पेट्रोल, शिवाय ब्रेम्बोचे मोठे ब्रेक आणि रुंद टायर. वाइडबॉडी, म्हणजे फुगीर मडगार्डची, घेतली तर 305 मिलिमीटर रुंदीचे. त्यात विमा मिळवा. मला स्कॅट पॅक मनापासून आवडते, या घराण्यातलं खरं सोनं तेच, पण ज्याच्या घरी दिवाळीनंतर पाळणा यायचाय त्याच्यासाठी नाही. दुसरी गाडी घेईल तेव्हा बघू.

हेलकॅटबद्दल मेहुण्याला एवढंच कळवा. तिला दोन चाव्या येतात, लाल आणि काळी. लाल चावीनं पूर्ण ताकद, काळीनं 500 हॉर्सपॉवरपर्यंतच. कंपनीलाच जिच्यासाठी दुसरी चावी द्यावीशी वाटली, ती रोज ऑफिसला न्यायची? शिवाय अमेरिकेतल्या विम्याच्या आकडेवारीत 2023 साली ही गाडी चोरीत पहिली निघाली, सरासरी गाडीच्या साठपटीहून जास्त. विमेवाला नाव ऐकूनच पेन काढतो. 2010 साली औरंगाबादकरांनी एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा माझ्या गॅरेजात रोज कुणी ना कुणी विचारायला यायचं, मर्सिडीजला हप्ता किती बसतो? टायर कितीला पडतो, हे एकानंही विचारलं नाही.

नवी चार्जरही निघालीय, कॅनडातच, विंडसरला. एक विजेची, स्पीकरमधून आवाज काढणारी. दुसरी सिक्सपॅक, तीन लिटरचं, सहा सिलिंडर ओळीत, दोन टर्बो, 420 आणि 550 हॉर्सपॉवर. इंजिन ताकदवान आहे, पण नव्या गाडीची किंमत तुमच्या मुलाच्या प्रश्नात नाही.

तेव्हा गुरुजी, वहिनींची बाजू बरोबर आहे आणि तरी मी ती घेत नाही. तुम्ही जोडलेला फोटो भिंगाखाली धरला. काळी गाडी, जाळीवर उजवीकडं लाल अक्षरं, आर/टी. यादीत नावं पाच आणि फोटो एकीचाच. पोरानं विचारलं तुम्हाला, पण उत्तर पाकिटात घालूनच पाठवलं. 2019 नंतरची, एकाच मालकाची, पावत्यांसकट मिळाली तर आर/टी घेऊ द्या. इंजिन ऑइल 5डब्ल्यू-20 या जातीचं, सात क्वार्ट, म्हणजे साडेसहा लिटरच्या जरा वर, दर 5000 मैलांना. कंपनी आणखी लांबवू देते, पण वॉरंटी संपली की लिफ्टर कंपनी बदलून देत नाही. आणि तुम्ही दोघं गेलात की मागच्या सीटवर वहिनींना बसवा. टप मागं उतरता आहे, आत शिरताना डोकं सांभाळायला सांगा.

प्रश्न : उस्ताद, जालन्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे. 2023 ची वापरलेली स्कोडा स्लाव्हिया घ्यायची आहे. दोन मिळतात. एक 1.0 ऑटोमॅटिक, एक 1.5 डीएसजी. दुसरी लाखभरानं महाग आहे. गावात दुकान-घर, आणि महिन्यातून तीन-चारदा समृद्धीवरून नागपूर किंवा मुंबई. मायलेजचं काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : गावकरी भेटले, बरं वाटलं. आधी एक खुलासा, कारण प्रत्येकजण हे बोलतो: शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा 2001 पासून आहे खरी, पण स्लाव्हिया बनते चाकणला.

1.0 म्हणजे तीन सिलिंडर, 115 पीएस (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच धरा). 1.5 म्हणजे चार सिलिंडर, 150 पीएस, आणि जोर 178 च्या जागी 250 न्यूटन मीटर. दोन्हींना टर्बो. वर गुरुजींच्या हेमीत चार सिलिंडर झोपतात म्हणालो ना, तसे या 1.5 मध्ये दोन झोपतात, म्हणून समृद्धीवर 100 च्या आसपास शांत पाय ठेवला तर मायलेजमध्ये दोघींत फार फरक पडत नाही. 140 नं पळवाल तर कुणीच झोपणार नाही, आणि मर्यादा 120 ची आहे, चलान घरी येतं.

फरक गिअरबॉक्सचा आहे. 1.0 ला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, तो गर्दीत मुकाट रांगतो. 1.5 ला सात गिअरचा डीएसजी, त्यात दोन कोरडे क्लच. बाजाराच्या दिवशी मामा चौकात वीतभर पुढं, वीतभर पुढं असं करत राहिलात तर ते तापतात. तिथं ब्रेक धरून थांबायचं, समोर गाडीभर जागा झाली की एकदम पुढं जायचं. एवढी सवय लावून घेणार असाल तर 1.5 घ्या, लाख वसूल आहे. गाडी दिवसभर घरचे गावातच फिरवणार असतील तर 1.0.

घेताना टायरवरचा चार आकडी नंबर वाचा. 2319 लिहिलं असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. 2023 च्या गाडीला तसा टायर असेल तर मूळचा नाही, कुठून तरी जुना आणून चढवलाय. समृद्धीवर मे महिन्याच्या दुपारी फुटलेले टायर मी कडेला मोजले आहेत.

प्रश्न : मी परभणीची, बँकेत आहे, पहिलीच गाडी. एकाच किमतीत मोठ्या इंजिनाचं मधलं मॉडेल आणि छोट्या इंजिनाचं टॉप मॉडेल सनरूफसकट येतं. भाऊ म्हणतो टॉपच घे. काय करू?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, परभणीच्या उन्हाळ्यात सनरूफ उघडून फिरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. स्क्रीन, कॅमेरा, आलॉय व्हील पुढं बाजारात मिळतात, इंजिन मिळत नाही. सहा एअरबॅग दोन्हींत असतील तर मधलं घ्या. नसतील तर ज्यात आहेत ते घ्या, मग इंजिन कुठलंही असो.

आणि शोरूममधून थेट सीटकव्हरच्या दुकानात जाऊ नका. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, वरून जाड कव्हर शिवून घट्ट ताणलं की तिला फुटायला वाट राहत नाही. सीटच्या कडेला शिवणीत 'एअरबॅग' लिहिलेलं छोटं लेबल असतं, ते भावाला दाखवा.